शेरा

दोन कोटेशनं टेबलावर, पेपरवेटखाली.
लहान बोट पावणेचार मीटर, सहा माणसं.
मोठी साडेपाच, बारा माणसं,
मगरीनं ढुशी दिली तरी हलणार नाही, डीलर म्हणाला.
विश्वामित्रीच्या काठी हे हसण्यावारी नेता येत नाही.
साहेबांचा कौल मोठीला.

काल ड्यूटी संपल्यावर टेप घेऊन गेलो
परशुराम भट्ट्यामागच्या गल्लीत.
ओट्यापासून ओट्यापर्यंत सहा फूट नऊ इंच.
मोठीची रुंदी पावणेआठ.
ती कोपऱ्यावरच अडणार, भोंगा वाजवत,
वरातीतल्या हत्तीसारखी.

टेपचं दुसरं टोक हंसाबेननं धरलं होतं.
"शुं मापो छो, भाई?"
सांगितलं. तिनं पदराला हात पुसले,
घरातली माणसं मोजली. सात.
"सातवी मी. मला काय, मगरी ओळखतात."
आणि हसली, खालचे दोनच दात.
मागे भिंतीवर गेल्या पुराची रेघ,
तिच्या कपाळाच्या वर चार बोटं.

शेऱ्याच्या रकान्यात लिहिलंय: लहान.
खाली जागा उरलीय.
दुसऱ्या फेरीला किती मिनिटं लागतात
ते घड्याळ लावून बघायचं राहिलं.