बाकी

सायकलच्या दुकानामागच्या खोलीत कमिटी बसली.
सात खुर्च्या. एकीचा पाय आखूड,
ती नेहमी माझ्या वाट्याला.
विषय एकच: आमोस त्रिभुवनला परत घ्यायचं का.

जूनमध्ये गेला, पुण्याच्या क्लबात.
पेढे वाटले नाहीत, तोंडही लपवलं नाही.
शनिवारच्या सरावाला आला, मैदानातले कोन गोळा केले
आणि निघताना म्हणाला, "येतो."
आपल्यात "जातो" कुणी म्हणतच नाही,
म्हणून त्या शब्दाचा पुरावा धरता येत नाही.

बागूल सर म्हणाले, आपला तो बाब्या. घ्या.
निकाळे म्हणाला, फायनलच्या आठ दिवस आधी
कुठे होता तुमचा बाब्या?
कोच कटारेंनी त्याचे गोल बोटांवर मोजले,
एक हात संपला, दुसरा घेतला,
मग थांबले, कारण उरलेले पेनल्टीचे.
तांबट म्हणाले, गुडघ्याचं काहीतरी ऐकलंय.
काहीतरीच्या पुढे कुणालाच माहीत नव्हतं.

अकरा नंबर आता हिरामण भोयेकडे आहे.
सुरगाण्याचा, सतरा वर्षांचा,
उपनगरच्या मेसमध्ये पोळ्या लाटतो,
थ्रो-इन टाकतो तेव्हा चेंडूवर पिठाची बोटं उमटतात.
काल त्याला विचारलं, तर बराच वेळ
मोज्याचं इलॅस्टिक ओढत राहिला.
"बेंचवर बसेन," म्हणाला,
"पण पॅड काढणार नाही."

मी एकतीस वर्षं नोटांच्या छापखान्यात काढली.
तपासणीला होते. शाई पसरली, आकडा सरकला,
कडेला केसाएवढी रेघ आली, की काढ बाजूला.
जवळचं आता धूसर झालंय; लांबचं अजून चोख.
एवढ्या वर्षांत एकच गोष्ट शिकायची राहिली:
फाटकाबाहेर गेलेली नोट
आमच्या टेबलावर कधी परत आली नाही.
ती कुणाच्या खिशात घामेजली,
कुठल्या देवापुढे ठेवली, कुठल्या बारमध्ये भिजली,
किती वेळा दुमडून ब्लाउजमध्ये गेली,
ते दुसऱ्यांनी बघितलं.
आम्ही फक्त कोऱ्या बघितल्या.
तेव्हा परत आलेल्याचं काय करतात
हे निदान मला तरी विचारू नये.
आणि झाले तीन विरुद्ध तीन.

वही उघडली.
त्याच्या नावावर साडेतेराशे, बुटांचे.
मार्चमध्ये घेतले, एप्रिलात देतो म्हणाला होता.
गेला तेव्हा निकाळे म्हणालाच, मारा काट.
नाही मारली.
दर महिन्याला, शेवटच्या ओळीत,
ती बाकी पुढच्या पानावर ओढत आले.
माया वगैरे काही नाही.
माणूस जिवंत असताना
येणं खोडायचं नसतं, एवढंच.

खिडकीतून तो दिसत होता.
जेल रोडच्या दिव्याखाली, स्कूटरला टेकून.
निफाडकडे बागांत शेकोट्या पेटवतात
तशातली रात्र, आणि अंगात नुसतं टी-शर्ट.
एक खडा पायाने गटारापर्यंत नेत होता,
परत आणत होता. परत नेत होता.
उजव्या पायाने.

आमोस डाव्या पायाचा.
डाव्यानेच कॉर्नर, डाव्यानेच पेनल्टी,
दुकानाचं शटरसुद्धा डाव्यानेच ढकलायचा.

मी खोलीत बघितलं.
कटारेंची पाठ खिडकीकडे होती.
बागूल सर चहाचे पैसे काढत होते.
कुणाला बोलले नाही. का नाही, ते अजून ठरवते आहे.

"बाई, तुमचं मत?"

पेनाचं टोपण सापडेना.
खुर्चीखाली निघालं, त्या आखूड पायापाशी.
ते लावलं, वही मिटली.
म्हटलं, "त्याला आत बोलवा."

"म्हणजे हो?"

"म्हणजे बाहेर थंडी आहे."