छत्तीस

कोपरखैरण्यात, माथाडी वसाहतीतल्या आमच्या गल्लीत
शेडगेकाका पाळी संपवून ओट्यावर बसत.
मानेवर गोणीचा घट्टा,
बनियनला तुर्भ्याच्या कांद्याचा वास.
"ए, मनात आकडा धर. सांगू नको."
मी धरला.
"दुप्पट कर. त्यात धा घाल.
आता निम्मं कर.
आन् धरल्याला वजा कर."
मी आधी बोटांवर, मग भिंतीवर खडूनं.
काका टाचेच्या भेगेतली माती काढत म्हणाले,
"पाच उरलं."

पाचच.

त्या रात्री झोप कसली.
मी धरलेले एकतीस
हवेतले नव्हते. सहामाहीच्या पेपरावरचे होते,
लाल शाईतले, दप्तराच्या पुठ्ठ्याखाली घडी घालून ठेवलेले.
(गणिताशी माझा छत्तीसचा आकडा, तेव्हाही.)
ज्यांना पाच दिसले
त्यांना एकतीस दिसले नसतील?
आठवडाभर त्यांच्या ओट्यासमोरून
मी पळतच गेले.

आठवीत तळेकरबाईंनी फळ्यावर क्ष काढला.
दोन क्ष अधिक दहा.
निम्मे केले: क्ष अधिक पाच.
मग डस्टरनं क्ष पुसला.
पाच तेवढे उभे,
आणि क्ष कोण होता
हे विचारायची गरजच कुणाला पडली नाही.

मी दप्तरासकट थेट ओट्यावर.
"काका, फसवलंत! तुम्हाला माझा आकडा
कळतच नव्हता!"
"न्हवताच कळत," काका म्हणाले, अगदी सरळ.
"तुझी गोणी तू आणलीस, तूच माघारी नेलीस.
मधी मी धा टाकलं, त्यातलं निम्मं ऱ्हायलं.
आपण काय चढवलं तेवढं ध्यानात ठिवायचं.
दुसऱ्याच्या गोणीत काय हाय
ते हमालानं कशाला उघडून बघायचं?"

मग जरा थांबून,
"पर काय गं, त्या दिवशी धरला व्हतास कंचा?"

दोन वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
"एकतीस," मी म्हणाले. आणि मग पुठ्ठा, घडी,
दादांची सही मीच केली होती, तेही.

काका रागावले नाहीत. नुसते ओठ हलले,
बाजारात हिशेब करताना हलतात तसे:
बासष्ट... बहात्तर... छत्तीस.
"आगं येडे,
छत्तीस झालं व्हतं की! पस्तिसाला पास.
वजा कशापायी केलंस?
तितंच थांबायचं."