एक रुपयाचं काम नाही

दिवाळ्याच्या जेट्टीजवळ पागधरे म्हणाला होता,
बॉनेटवर तळहात ठेवून,
लेकराच्या डोक्यावर ठेवून शपथ घेतात तसा:
“घ्या आणि चालवा, ताई.
एक रुपयाचं काम नाही गाडीला.”

आत कापराचा वास होता.
कापराच्या खाली सुकटीचा.
मला कळला. तरी मी मोजले
एक लाख नव्वद हजार,
पतपेढीचे दीड, नणंदेचे चाळीस,
आणि मागे इडलीच्या पिठाचे डबे रचले.

आज तुर्भे नाक्यामागे
दस्तगीर मिस्त्री गाडीखालून सरकत बाहेर येतो,
आधी पाय, मग पोट, मग बातमी.

“क्लच संपलाय, वहिनी. प्लेट, प्रेशर, बेअरिंग,
सेटच टाकावा लागेल, सात हजार आठशे.
मागच्या पाट्याचं तिसरं पान तुटलंय, दोन-सहाशे.
सेल्फचे ब्रश साडेचारशे.
आर्मेचर जळलं असेल तर आजच विचारू नका.
आणि हे बघा.”
ऑइलची पट्टी माझ्या नाकासमोर.
टोकाला दुधाळ, सायीसारखं काहीतरी.
“पाणी ऑइलमध्ये उतरतंय. हेड गॅस्केट.
साडेअकरा. हेड वाकलं असेल तर लेथवाला वेगळा.”

मी पीठवाली आहे.
आंबलेलं काय आणि नासलेलं काय
मला बोटाला कळतं.
बोट लावलं.
नासलेलं होतं.

बेअरिंगचा खोका फाडून त्याच्या पाठीवर
त्याने बेरीज मांडली: बावीस हजार साडेतीनशे.
मजुरीच्या जागी नुसती एक रेघ,
तिच्याकडे बघून हसला.
किलोमागे मला सुटतात नऊ रुपये.
म्हणजे अडीच हजार किलो पीठ
फक्त या खोक्याच्या पाठीसाठी
भिजायचं, वाटायचं, फुगायचं.

मग मी पागधरेला फोन लावला.
शिव्या तयार होत्या, रात्रभर भिजवलेल्या.
त्याने सगळ्या ऐकून घेतल्या.
मागे कुणीतरी बर्फ फोडत होतं.
मग हळूच म्हणाला,
“मधलं दार अजून
जरा वर उचलूनच लागतं का?”

माझं वाक्य अर्ध्यात राहिलं.

“महाप्याचा चढ लागला की तिसऱ्यात रडते ती.
शिळफाट्याकडे उतार लागेपर्यंत दुसऱ्यातच ठेवा.
आणि थंडीत हीटर दोनदा द्या, मग सेल्फ.
घाई केली की चिडते.”

म्हणजे माहीत होतं.
रुपयाचं नाही, रुपया-रुपयाचं माहीत होतं,
आणि तोच तळहात होता बॉनेटवर.
“मग विकलीत कशाला खोटं बोलून?”
“खरं बोलून,” तो म्हणाला, “कोण घेणार होतं?
हप्ता तुंबला होता. होडीचं इंजिनही तेव्हाच बसलं.”
बर्फ फोडणारा थांबला होता.
“वास गेला का हो, ताई?”

पावसाळी दमट दिवसात
कोपरखैरण्याचा उडपी अजून
डबा उघडायच्या आधी गाडी हुंगतो.
“गेला,” मी म्हणाले.
का म्हणाले, ठाऊक नाही.
दोघांच्यात एवढं एकच
फुकटात दिलं-घेतलं गेलं.

दस्तगीर पान्याने चाकावर टकटक करतोय.
खोलू की नको?
त्याला अजून दोन रिक्षा आहेत, आणि एक शाळेची बस.

“हेड खोल,” मी म्हटलं.
“पाट्याला तात्पुरती पट्टी मार.
क्लच दिवाळीनंतर बघू.”

“चढाला ओढणार नाही, वहिनी.”

“माहितीय.
दुसऱ्यातच नेईन.”