कोंबडा की कोंबडी

वैशाखात, लाईट गेली की
उद्यमनगरात ऐकू येतो
आपलाच श्वास.
लेथ थांबतात,
आणि नेमकी तेव्हाच ठकूबाई दारात,
पहाटेच्या गगनबावडा गाडीनं आलेली,
रंकाळा स्टँडपासून पायी,
डोक्यावर पाटी, पाटीवर कुंभ्याची पानं,
पानांखाली काळा ढीग.

पैशाचं ती आधी काढत नाही.
कमरेचा विळा काढून ठेवते ग्राइंडरजवळ.
"लाईट आली की धार लावा.
तवर खावा."

आमचे हात ऑइलनं काळे, कोपरापर्यंत.
दस्तगीर पानाचा द्रोण दातात धरतो,
मान मागं टाकतो
आणि घोडा तोबरा खातो तसा खातो.
आण्णाप्पा मगदूम शिस्तीचा माणूस:
रॉकेलनं हात धुतो, मग साबण, मग पुन्हा रॉकेल,
मग म्हणतो, करवंदाला रॉकेलचा वास येतोय.

ठकूबाई हसते. तिच्या बोटांना चीक,
चिकावर धूळ, धुळीत काट्यांच्या रेघा.
"जाळी काय फुकट देती व्हय?"

एकदा मी व्हर्नियर लावला.
एक निघालं चौदा, एक साडेअकरा,
एक तर एका बाजूनं बसकं.
आमच्याकडं केसभर इकडंतिकडं झालं
तर अख्खा लॉट परत येतो शिरोलीहून.
"काय बघतायसा?"
म्हटलं, माप.
"मग जिभेनं बघा की."

मग पैज.
आधी बोलायचं, मग दातानं अर्धं करून दाखवायचं.
आत लाल तर कोंबडा,
पांढुरकं तर कोंबडी.
हरला त्यानं चहा सांगायचा.
साठीला टेकलेला आण्णाप्पा ओरडतो, "कोंबडाऽऽ!"
आणि कोंबडी निघाली की
बिया थुंकतो लोखंडाच्या चुऱ्यात, रागानं.

चीक ओठांना धरतो. बोलताना ओठ
सावकाश सुटतात, डिंक लावलेल्या पाकिटासारखे.
आंबट कानाच्या पाळीपर्यंत चढतं.
गोड मागाहून येतं,
पगारासारखं, थोडंच.

लाईट आली.
विळ्यातून ठिणग्या उडाल्या.
ठकूबाईनं अंगठ्यावर धार पाहिली,
मान हलवली, माल पास.
उरलेली करवंदं
माझ्या टूलबॉक्सच्या झाकणात ओतली
आणि पाटी उलटी डोक्यावर घालून निघाली,
उन्हाला टोपी.

शेवटचं एक माझ्यावर आलं.
"बोल लगा, काय?" दस्तगीर म्हणाला.
मशीनचा आवाज चढत होता.
मी काहीच बोललो नाही,
तसंच टाकलं तोंडात, अख्खं,
डोळे मिटून.

चहाचे पैसे मीच दिले.