सहा तासांनी निम्मं

सोमवारी पहाटे पुण्याच्या गाडीनं शिशाचा डबा येतो.
आफरीन मुजावर त्याला गाय म्हणते.
"बसा काका, धार काढून येते,"
आणि दहा मिनिटांनी काचेच्या कुपीत घेऊन आली
पाण्यासारखं पाणी.
फेस नाही, वाफ नाही.

टेक्नेशियम.
जन्मतःच वरच्या पायरीवर अडकलेली केंद्रकं ही,
सहा तासांत निम्मी खाली येतात,
येताना एकेक किरण टाकून देतात.
ते टाकलेलं वेचूनच तिचं यंत्र
माझ्या बरगड्या मोजणार होतं.

मी तिला सांगितलं नाही
की हा माझाच विषय.
सागरमाळावर, विद्यापीठात, तीन उन्हाळे
मी याच शिशाच्या एका अल्पायुषी भावंडामागे होतो:
एकशे शहाऐंशी वजनाचं,
डोळ्याची पापणी पुरी वर जायच्या आत मरणाला लागलेलं,
आणि तेवढ्यात त्याला रूपं तीन.
गोटी. शेणी. वरवंटा.
तिन्हींत ऊर्जेचा फरक नखाएवढा.
इंगवले सर फळ्यावर तीन खड्डे काढायचे,
मधे दोन उंचवटे,
आणि खडू झटकत म्हणायचे,
"गडी एकच. बसला कुठं, तसा दिसला.
खरा कुठला, हे विचारायचं नाही."

प्रबंध चौथ्या प्रकरणात थांबला.
उद्यमनगरात वडिलांची भट्टी थांबत नव्हती.
तिथं आकार एकच, साच्यातला;
दुसरा निघाला तर तो माल भंगारात.
एकतीस वर्षं.
हाफ्नियमची एक जात आहे, तीही अशीच वर अडकते,
तिचा साठा निम्मा व्हायला
एवढीच वर्षं लागतात.
खाली यायची वाट तिला बंद नसते,
फक्त स्वतःभोवतीचा फेर सोडून
अंग दुसरीकडं वळवावं लागतं,
आणि तेच जमत नाही.
भट्टीवर हे कुणाला सांगणार?

"हलू नका," आफरीन म्हणाली. हललो नाही.
"भरपूर पाणी प्या. आज लहान पोरांना जवळ घेऊ नका."

घरी दीड वर्षाची नात.
म्हणून संध्याकाळी घर टाळून गंगावेशीत आलो,
कट्ट्याच्या पार टोकाला बसलो.
बंडू गवळ्यानं म्हशीखालून थेट पेला भरला,
ओठाला फेस लागेपर्यंत.
"आज असं लांब का, मालक?"
"अंगात किरण आहेत."
"कवापतूर?"
"सहा तासांनी निम्मे. आणखी सहांनी पाव.
मग पावाचे निम्मे."
तो कासेला पाणी लावत राहिला.
"म्हंजे पार संपत न्हाईत कधी."

सरांना हा विद्यार्थी मिळायला हवा होता.

पुढची म्हैस धार देईना.
"पान्हा चोरती ही. रेडकू फुडं आणल्याबिगर सोडायची न्हाई."
मला टँटलम आठवलं.
त्याचं साधं, निवांत रूप आठ तासांत निम्मं होतं,
आणि वर अडकलेलं
अजून कुणी ढळताना पाहिलेलं नाही,
विश्व जेवढं जुनं त्याहून जास्त काळ
पान्हा चोरून उभं.
त्याच्यापुढं कुठलं रेडकू आणायचं
हे कुठल्याच प्रकरणात नव्हतं.

आफरीनचा रिपोर्ट शुक्रवारी.

पेल्यातलं थोडं कट्ट्यावर सांडलं.
त्यात बोटानं तीन खड्डे काढले,
मधे दोन उंचवटे.
हात विसरला नव्हता.
बंडू वाकून बघायला लागला,
मी त्याला हातानंच लांब राहा म्हटलं.
"ह्यो जोतिबा," तो लांबूनच म्हणाला,
"आन ह्यो पन्हाळा. व्हय?"

व्हय, म्हटलं.
म्हशीनं शेपटी मारली, मधला खड्डा गेला.
घड्याळात नऊ.
पाव उरला होता.