दुसरा आवाज

कुडतरीच्या तळ्याकडे उतरताना आमच्या वाड्याचा खुरीस.
मे महिन्यात पोरं त्याला चुना काढतात,
निम्मा खुरसाला, निम्मा एकमेकांच्या केसांना.

रविवारी दोतोर्नीच्या वर्गात
रेंझिल म्हणाला, टीचर, मी क्रिझ्म घेणार नाही.
मला तिकडून काहीच ऐकू येत नाही.
बाकांवरची चुळबुळ थांबली.
मी पुस्तक उघडलं, हवं ते पान सापडेना.
शेवटी म्हटलं, बरं.
शनिवारी लादाइन्येला मात्र ये,
पास्कू मेस्त्रीचं व्हायोलिन उचलून आणायला कुणी नाही.

वीस वर्षं शिकवतेय,
आणि सुचलं ते एवढंच.

शनिवारी चटया, मेणबत्त्या, अबोलीचे सर.
एर्मेलिंदमाय खुर्चीत, पाय सुजलेले,
मांडीवर एक तान्हं,
कुणाचं ते तिलाही नक्की ठाऊक नसावं.
पहिला आवाज मेस्त्रीचा. ब्याऐंशीचा आहे.
दुसरा जुझे आंतोनचा असायचा,
तो नाताळाआधी गेला.
आता प्रत्येक ओळीशेवटी मेस्त्री जरासा थांबतो,
जेवायला बसताना
सवयीनं शेजारचं पान मांडावं तसा.

तिसऱ्या की चौथ्या ओळीला
त्या थांब्यातून एक चिरका,
नुकताच फुटलेला आवाज आला.
व्हायोलिनची रिकामी पेटी पोटाशी धरून
रेंझिल दुसरा म्हणत होता.
लॅटिन चुकीचं, सूर बरोबर.

हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.
फक्त लहानपणी, लादाइन लांबली की
शेजारचं हे पोर
जुझे आंतोनच्या छातीला कान लावून झोपी जायचं.
आम्ही म्हणायचो, झोपू दे, त्याला काय कळतंय.

मेस्त्रीनं वळून पाहिलं नाही.
गज तेवढा थोडा संथ केला,
पोराला श्वास पुरावा म्हणून.

मग उकडलेले चणे, खोबऱ्याचे काप,
म्हाताऱ्यांना बोटभर फेणी.
क्रिझ्माचं मी विचारलं नाही.
पेटीची कडी लावता लावता तोच म्हणाला,
अजून ऐकू येत नाही, टीचर.
आणि जरा वेळानं,
पुढची लादाइन कुणाच्या दारात?

उत्तर दिलं एर्मेलिंदमायनं,
जी दोन्ही कानांनी पार बहिरी आहे:
माझ्या.
आणि चणे जरा मऊ उकडा.