झाकणभर

पिओरियात जूनची संध्याकाळ नऊपर्यंत रेंगाळते.
कुंपणापलीकडे लव्हेल गेन्स
आडव्या कापलेल्या पिंपात कोळसे पसरायचे
आणि धूर न विचारता
माझ्या दोरीवरच्या चादरींत शिरायचा.
(ड्रायर आहे. तरी मी उन्हात वाळत घालते.)
पहिल्या वर्षी चादरी आत घेतल्या.
दुसऱ्या वर्षी वांगी घेऊन गेले.

एका कडेला भाजू द्याल?
त्यांनी वांग्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
बरगड्या सरकवून जागा केली.
साल काळी पडली, वांगी खचली,
तसे हळहळले, "वाया गेली की."
थांबा म्हटलं.
कांदा, मिरची, कोथिंबीर, मूठभर कूट,
कोळशावरच पळी धरून हिंगाची चुरचुरीत फोडणी.
त्यांनी पावात भरून खाल्लं. मग पावाशिवाय.
मग म्हणाले, लिहून दे.
कुटाला शब्द सापडेना,
मी लिहिलं: शेंगदाण्यांची वाळू.

बदल्यात त्यांनी मसाला सांगितला.
एकतीस वर्षं ट्रॅक्टरच्या कारखान्यात
सुताचाही फरक न चालवून घेतलेला माणूस
स्वयंपाकात मोजायचा बाटलीच्या झाकणाने.
तपकिरी साखर पाच झाकणं.
तिखट तीन, तुमचं नको, आमचं, धुरकट.
मोहरीची पूड एक. मिरी दीड.
मी विजेच्या बिलाच्या पाठीवर
मराठीत उतरवत गेले,
घाईत हात त्याच लिपीकडे धावतो.
मांस मी खात नाही. मसाला कणसावर चोळून चाखला,
आणि एक कडसर वास उरला, जो त्यांनी सांगितला नव्हता.
समासात लिहिलं: दगडफूल? नव्हे.
कॉफी! खाली दोन रेघा.
दाखवलं तर नुसते हसले.

असे चार उन्हाळे.
कणसाला लोणी की लिंबू-मीठ, हे भांडण मिटलं नाही,
अर्धं कणीस त्यांचं, अर्धं माझं.
काकडीची कोशिंबीर त्यांच्या चर्चच्या जेवणात गेली
आणि डबा चाटूनपुसून परत आला.
बटाट्याच्या सॅलडवर मी मोहरीची फोडणी ओतली
तेव्हा त्यांची बहीण अर्नेस्टीन
आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.
रविवारी दारात उभी, रिकामं पातेलं घेऊन:
"ते तडतडणारं परत कर बघू."

यंदा मार्चमध्ये ते गेले.
पिंपावर ताडपत्री.
मे संपला तरी चादरींना
नुसता साबणाचा वास.

काल रेनीटा आली, त्यांची मुलगी, सेंट लुईसहून.
म्हणाली, बाबांनी सांगितलं तसंच करते, जमत नाही,
काहीतरी राहतंय. तुमच्याकडे लिहिलेलं आहे ना?
मी बिल काढलं.
तिने उलटं धरलं, सुलटं धरलं.
वडिलांचं हातचं राखलेलं सगळं
तिला न वाचता येणाऱ्या अक्षरांत.
मी वाचत गेले, ती लिहीत गेली.
कॉफीशी थबकली. "हे मला कधी बोलले नाहीत."
मग आपली यादी पडताळून,
"पण तुमच्यात सेलरीचं बी नाही."
नव्हतंच.
चार वर्षं जिभेला काहीतरी ओव्यासारखं लागायचं,
मला वाटायचं, माझ्याच बोटांचा वास.

लबाड होते की विसरभोळे,
यावर आम्ही अर्धा तास घालवला.
अर्नेस्टीनला फोन लावला.
ती म्हणाली, तुम्हा दोघींना कॉफी आणि बी मिळालं?
मला तर मोहरीच नाही सांगितली.

ताडपत्री काढली. कोळ्याची जाळी, गंजलेला चिमटा.
रेनीटाने वाट्या मांडल्या, साखर उघडली,
आणि हात हवेतच राहिला:
झाकण कुठलं?
सोड्याच्या बाटलीचं, की व्हिनेगरच्या?
हे कोणीच विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, सगळ्याला एकच घे, म्हणजे झालं.
तिने व्हिनेगरचं उचललं,
वास घेतला, पदराला पुसावं तसं शर्टाला पुसलं.
मी वांग्यांना तेल लावायला घेतलं.
दोरीवर चादरी होत्या.
राहू दिल्या.